चार गिऱ्हाइकांवर दुकान चालत नाही

"काका, नमस्कार. आम्ही डोंबिवलीला राहतो. घरात आठ महिन्यांपासून 200 लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. दोन क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा आणि दीड महिन्यापूर्वी आणलेला चार बोटं लांबीचा निळा टँग, एवढेच मासे. गेल्या शुक्रवारी टँगच्या अंगावर मिठाचे दाणे चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसले. दुकानदाराला फोटो पाठवला. तो म्हणाला, 'औषध-बिषध काही नको मॅडम, एक क्लीनर रास सोडा. डॉक्टर मासा आहे तो, दोन दिवसांत सगळं खाऊन साफ करेल.' ह्यांचं म्हणणं, पाच-सहाशे रुपयांचा तर प्रश्न आहे, आणून टाकू. आमची लेक सातवीत आहे. हा मासा आरशात स्वतःला ओळखतो असं तिने कुठेतरी पाहिलं, तेव्हापासून तिने घर डोक्यावर घेतलंय. आणि तीच पुन्हा विचारते, एवढा हुशार मासा एकटा ठेवला तर त्याला करमेल का? मला टँग वाचवायचाय आणि लेकीची समजूतही घालायचीय. आणू का हा मासा?"

ताई, नका आणू.

एवढं आधीच सांगून ठेवतो, कारण असली खरेदी आपल्याकडे रविवारी सकाळी होते आणि तोवर माझं बाकीचं उत्तर कुणी वाचलेलं नसतं. ह्यांना दाखवायला पहिली ओळ पुरेल. आणून झाला असेल, तर त्याचंही पुढे लिहिलंय.

दुकानदारावर मात्र चिडू नका. त्याने तुम्हाला फसवलं असं मला वाटत नाही. त्यालाही कुणीतरी हेच सांगितलंय, आणि त्या कुणाला आणखी कुणी. मीसुद्धा ते खरं धरून चाललो होतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्या टँकमध्ये असाच एक आणून सोडला. बोटाएवढा, तोंडापासून निघालेला काळा पट्टा शेपटीकडे रुंद होत जाणारा, बाजूंना निळी झाक. दहाव्या मिनिटाला तो माझ्या पिवळ्या टँगपाशी गेला, आणि टँग चक्क अंग तिरकं करून, पर ताणून त्याच्यापुढे उभा राहिला. मी घरातल्या सगळ्यांना हाका मारमारून ते दाखवलं. तिसऱ्या दिवशी तोच टँग त्याला पाहिलं की खडकामागे पळायला लागला. दुसऱ्या आठवड्यात टँगच्या परांच्या कडा झिजलेल्या दिसल्या, कल्ल्यामागे टोचे मारल्यासारख्या खुणा. आणि तो स्वतः? मी टाकलेला दाणा तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा. डोक्यामागचा मांसल भाग खोल गेला, पोट आत गेलं, वरून पाहिलं तर वाळलेला बोंबील. एकोणिसाव्या दिवशी सकाळी फिल्टरच्या जाळीला चिकटलेला सापडला. रोग काही नव्हता. उपाशी मेला, भरल्या ताटापुढे. ('रास' हा इंग्रजी नावाचा दुकानी उच्चार. बारा राशींशी याचा संबंध नाही, पण घरगुती टँकात आलेल्याच्या पत्रिकेत मृत्युयोग मात्र ठळक असतो.)

हा मासा समुद्रात काय खातो ते नीट पाहिलं की बाकीचं फारसं समजवावं लागत नाही.

लक्षद्वीपला कडमतच्या उथळ पाण्यात मी एकदा मास्क लावून तासभर पालथा पडून होतो, एकाच दगडाकडे बघत. सोबतच्या पोराला वाटलं मला काही झालं. दोनदा येऊन खांदा हलवून गेला. खाली प्रवाळाच्या एका गोल ढेकळाशी या माशांची जोडी होती, आणि तिच्याभोवती शनिवार संध्याकाळचं केशकर्तनालय. एक पोपटमासा डोकं वर, शेपटी खाली करून उभाच्या उभा थांबलेला. त्याच्यामागे दोन-तीन फुलपाखरू मासे आपली पाळी येईपर्यंत घुटमळत होते. मग एक हेकरू आला, चांगला हातभर. एरवी बोटाएवढा मासा म्हणजे त्याचा घास. त्याने जबडा उघडला, कल्ल्यांची झाकणं फाकवली आणि तसाच थांबला. क्लीनर आधी शेपूट वरखाली नाचवत त्याच्यापुढे आला, ही त्याची दुकान उघडं असल्याची पाटी. मग तोंडातून आत शिरला, दिसेनासा झाला आणि कल्ल्यातून बाहेर आला. हेकरूने अंगाला एक हिसका दिला, क्लीनर बाजूला झाला, हेकरू गेला. पुढचं गिऱ्हाईक.

गिऱ्हाइकाच्या अंगावरून तो टिपतो ते मुख्यतः नॅथिड नावाचे किडे. आपल्याकडे गुरांना गोचीड लागते ना, तसेच हे, फक्त कोळंबी-खेकड्यांच्या कुळातले आणि टाचणीच्या टोकाएवढे. माशाला चिकटायचं, रक्त प्यायचं, फुगलं की सुटून जायचं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर लिझर्ड आयलंड नावाचं बेट आहे. तिथे अलेक्झांड्रा ग्रटर या संशोधिकेने 1990च्या दशकात या माशांच्या धंद्याचा हिशेबच मांडला. एक क्लीनर दिवसाला सरासरी 1,200च्या आसपास परजीवी खातो, आणि त्यासाठी दिवसभरात दोन हजारांहून जास्त वेळा कुठल्या ना कुठल्या माशाची तपासणी करतो.

आता तुमच्या टँकमधली गिऱ्हाइकं मोजा. चार. त्यातली दोन क्लाउनफिश, जी आपली जागा सोडून कुठे जायची नाहीत. आणि तुमच्या बंद काचेत रोज नवे नॅथिड कुठून येणार? आठ महिने जुन्या टँकमध्ये ते नसतातच म्हटलं तरी चालेल. ज्याचा धंदा दोन हजार फेऱ्यांवर चालतो त्याला तुम्ही चार गिऱ्हाइकं देताय, आणि चौघांच्या खिशात दमडी नाही.

मग तो पुढे करतो काय? माशाच्या अंगावर एक बुळबुळीत थर असतो. हातात धरलेला मासा निसटतो तो त्याच्यामुळे, आणि बाहेरचे जंतू आत शिरत नाहीत तेही त्याच्याचमुळे. खरी गोष्ट अशी की क्लीनरला किड्यांपेक्षा हा थरच जास्त आवडतो. संशोधक रेदुआन बशारी आणि ग्रटर यांनी यावर वर्षानुवर्षं प्रयोग केलेत. समुद्रात तो मन मारून किडे खातो, कारण अंगाचा लचका तोडला तर गिऱ्हाईक हिसका देतं, पाठलाग करतं, किंवा सरळ शेजारच्या दगडावरच्या दुकानात जातं. म्हणजे धंद्यातली इमानदारी टिकते ती गिऱ्हाइकाला दुसरं दुकान असल्यामुळे. तुमच्या टँगला दुसरं दुकान नाही. तो साडेतीन फुटांत पळून पळून किती पळेल? आधीच आजारी, त्यात अंगाचं कवच कुरतडलं जातंय. माझ्या टँगच्या परांचं झालं ते यामुळेच.

एवढं सगळं होऊनसुद्धा पांढरे ठिपके गेले असते तर मी म्हटलं असतं, चला, निदान टँग वाचला. पण इथे तर आजार रेड्याला आणि औषध पखालीला. तुम्ही वर्णन केलेत ते ठिपके म्हणजे बहुधा मरीन इक, शास्त्रीय भाषेत क्रिप्टोकॅरिऑन. हा एकपेशीय जीव माशाच्या अंगावर बसत नाही. तो कातडीच्या वरच्या थराखाली शिरून बसतो. तुम्हाला दिसतो तो दाणा म्हणजे त्याच्यावर आलेली कातडी. क्लीनर कितीही हुशार असला तरी कातडीखालचं त्याला टिपता येत नाही. नॉर्वेत सामन माशांच्या पिंजऱ्यांत याच कुळातले दुसरे मासे सोडून समुद्री उवा खायला लावतात, आणि ते जमतं, कारण उवा बाहेर असतात. (त्या पिंजऱ्यांत हे मासे मरतातही ढिगाने, पण ती वेगळी तक्रार.)

मग 'क्लीनर सोडला आणि दोन दिवसांत डाग गेले' असं इतके लोक शपथेवर का सांगतात? कारण डाग खरंच जातात. न सोडताही जातात. हा परजीवी माशाच्या अंगात तीन ते सात दिवस राहतो. पोट भरलं की आपणहून गळून खाली पडतो. मासा एकदम स्वच्छ दिसतो. घरात आनंद, दुकानदाराला धन्यवादाचा मेसेज. खाली वाळूत मात्र त्या दाण्याने स्वतःभोवती कवच केलेलं असतं आणि आत तो फुटत जातो, एकाचे दोन, दोनाचे चार, असे शेकड्यांनी. काही दिवसांनी, कधी तीन-चार आठवड्यांनी, कवच फुटून ही पिल्लं बाहेर पडतात आणि मासा शोधत सुटतात. पहिल्या खेपेला दहा ठिपके होते, दुसऱ्या खेपेला अंगभर. तोवर क्लीनर मेलेला असतो आणि लोक म्हणतात, बघा, डॉक्टर गेला म्हणून रोग परत आला.

तुमच्या पत्रातला शुक्रवार धरला तर तुमचे ठिपके आत्ता गेलेही असतील. त्याला फसू नका. हीच वेळ कामाची आहे.

काय करायचं ते सांगतो. पहिलं, ठिपके मिठाच्या दाण्याएवढे आहेत की अंगावर बारीक पीठ भुरभुरल्यासारखं दिसतंय, हे दिवा तिरका धरून नीट बघा. पीठ असेल आणि मासा पंपापुढे तोंड करून धापा टाकत असेल तर तो मरीन व्हेल्वेट, हा वेगळा रोग. तो दोन-तीन दिवसांत मारतो. त्याला वेगळ्या टँकमध्ये तांब्याचं औषधच लागतं, आणि तेही टेस्ट किटने मात्रा रोज मोजून. अंदाजाने थेंब टाकायचे नाहीत. औषध मुख्य टँकमध्ये तर अजिबात नाही. गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ, जे काही बिनकण्याचं असेल ते सगळं तांब्याने मरतं, आणि तांबं वाळूत-खडकांत मुरून बसतं ते वेगळंच.

दाणेच असतील, तर मी तुम्हाला औषधाविना जाणारा रस्ता सुचवेन. दोन प्लॅस्टिकचे टब घ्या, 40-40 लिटरचे, झाकणवाले, याआधी साबण न लागलेले. पहिल्या टबमध्ये मुख्य टँकच्याच क्षारतेचं आणि तापमानाचं ताजं पाणी, एक हीटर, एक एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड), लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे. वाळू नाही, दगड नाही. चारही मासे त्यात हलवा. चारही म्हणजे चारही, क्लाउनच्या अंगावर एक ठिपका नसला तरी. बरोबर 72 तासांनी मासे दुसऱ्या टबमध्ये. पहिला टब, त्यातला हीटर, पाइप, जाळी, सगळं धुऊन उन्हात खडखडीत वाळवायचं. पुन्हा 72 तासांनी पहिल्यात. असं मुख्य टँकमधून बाहेर काढल्यापासून चार मुक्काम करायचे, मग पाचवा मुक्काम कायमचा. गणित साधं आहे: परजीवी गळून पडतो, पण त्याची पिल्लं फुटायच्या आत मासे तिथून निघून गेलेले असतात. मासे हलवताना त्यांच्याबरोबर जेमतेम तांब्याभर जुनं पाणी येऊ द्या, जास्त नाही.

पाच वेळा 40 लिटर, म्हणजे 200 लिटर खारं पाणी लागेल. लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम मरीन सॉल्ट धरा, सात-साडेसात किलो होतं. पाणी आरओचंच. बजेट हवं म्हणून हा आकडा दिला. क्लीनरच्या पाच-सहाशे रुपयांपेक्षा हे महाग पडेल, हे ह्यांना आधीच सांगा, नाहीतर चौथ्या मुक्कामाला भांडण होईल. शेवटच्या टबला स्पंज फिल्टर नवा बसवा आणि बाटलीतले बॅक्टेरिया टाकून चालू करा. मुख्य टँकमधला मुरलेला स्पंज उचलून आणायचा मोह होईल. तो आणला की रोगही आणला. अमोनियाची टेस्ट रोज करा आणि आकडा दिसला की पाणी बदला.

मुख्य टँक आता किती दिवस माशांशिवाय ठेवायचा? छंदातले जुने लोक 76 दिवस सांगतात, मीही तेच धरतो. मासा मिळाला नाही की पिल्लं दोनेक दिवसांत मरतात, पण काही कवचं फार उशिरा फुटतात, म्हणून एवढी लांबण. पंधरा दिवसांत कंटाळून मासे परत सोडणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांचीच पत्रं मला दुसऱ्यांदा येतात.

आता टँगबद्दल एक कडू बोलतो. हा चार बोटांचा मासा मोठा झाला की फूटभर होतो. 200 लिटरमध्ये तो सुखाने वाढू शकत नाही, आणि कोंडलेल्या टँगला सगळ्यात आधी होतं ते हेच, इक. बरा झाला की 700-800 लिटरचा टँक असलेल्या कुणाला तरी तो देऊन टाका. दुकानदाराने तो विकताना हे सांगितलं नाही, याबद्दल त्याच्यावर चिडायला माझी हरकत नाही.

क्लीनर आणून झाला असेल तर? त्याच दिवशी परत नेऊन द्या, पैसे नाही मिळाले तरी. टबच्या फेऱ्यांत तो टिकणार नाही, आणि टँकमध्ये एकटा ठेवला तर इकला त्याचंच अंग मिळतं, तुमचे 76 दिवस वाया जातात. परत घेतच नसतील तर बाकी माशांबरोबर तोही टबात. गोठवलेलं मायसिस आणि आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. एक युक्ती कधीकधी लागू पडते: कोळणीकडून ताजी तिसरी, म्हणजे शिंपल्या, आणा, एक शिंपला उघडून मांसासकट तसाच तळाशी ठेवा. उघड्या शिंपल्यातलं ओलं मांस त्याला टोचून खाण्याजोगं वाटतं. तासाभराने काढून घ्या, नाहीतर पाणी नासेल. आमच्या घरी उरलेल्या तिसऱ्यांचं सुकं होतं आणि ते माशापेक्षा माणसांना जास्त मानवतं.

आणि आणलेला खरंच क्लीनर आहे ना, तेही बघून घ्या. एक ब्लेनी जातीचा तोतया असतो, अगदी तोच पट्टा, तोच निळा रंग, तीच नाचत पोहण्याची ढब. गिऱ्हाईक विश्वासाने जवळ आलं की पराचा तुकडा तोडून पळतो. ओळखायची खूण तोंडात: खऱ्याचं तोंड नाकाच्या अगदी टोकाला, तोतयाचं खालच्या अंगाला, वर नाक पुढे आलेलं. लॉटमध्ये कधी कधी दोन्ही मिसळून येतात.

हा मासा कुणीच पाळू नये का? मोठ्या मत्स्यालयांत तो वर्षानुवर्षं राहतो. घरीही, 500-600 लिटरच्या वर टँक असेल, त्यात मोठे मासे बरेच असतील, दिवसातून चार वेळा खाऊ घालणारं कुणी घरात असेल, आणि विकत घेण्याआधी दुकानात तो गोठवलेलं अन्न गिळताना आपल्या डोळ्यांनी पाहिलं असेल, तर काही जणांनी जगवलाय. मी तरी पुन्हा आणला नाही. लिझर्ड आयलंडवरच काही खडकांवरून हे मासे साडेआठ वर्षं सतत काढत राहून पाहिलं, तेव्हा त्या खडकांवरच्या राहत्या माशांची संख्या 37 टक्क्यांनी आणि जातींची संख्या 23 टक्क्यांनी कमी भरली. 2011 सालचा हा अभ्यास. तेव्हापासून दुकानातल्या पिशवीत हा मासा दिसला की मला तो कडमतचा दगड आठवतो आणि तोंड उघडून थांबलेला हेकरू.

लेकीला रासच हवा असेल तर 76 दिवसांनंतर, टँग दुसऱ्या घरी गेल्यावर, पिवळा रास आणा. दुकानात 'यलो कोरिस' म्हणून मिळतो. लिंबासारखा पिवळाधमक, पाठीच्या परावर काळे ठिपके, पुरा वाढला तरी 12 सेंटिमीटर. गोठवलेलं अन्न बिनतक्रार खातो, दिवसभर खडकांतले बारीक किडे वेचतो, प्रवाळाला हात लावत नाही. फक्त बारीक शोभेच्या कोळंब्या आणि गोगलगायी त्याच्यासोबत ठेवू नका. अटी दोन. तळाला किमान 5 सेंटिमीटर बारीक वाळू हवी, कारण रात्री तो वाळूत शिरून झोपतो. आणि वर जाळीचं झाकण हवं, कारण घाबरला की उडी मारतो. सकाळी सोफ्याखाली सुकलेला सापडतो. टँकमध्ये सोडल्याबरोबर तो वाळूत गडप होईल आणि दोन दिवस दिसणार नाही. उकरू नका. तो येतो.

सफाईचा तो खेळ बघायचाच असेल तर क्लीनर कोळंबी किंवा टँकमध्येच पैदास केलेला निऑन गोबी हा छोटा मासा बघा. तेही माशांच्या अंगावर चढून टिपण्याचं काम करतात आणि पोटासाठी त्या कामावर अवलंबून राहत नाहीत. इक त्यांनीही बरा होत नाही, हे लिहून ठेवतो, नाहीतर पुढच्या महिन्यात दुकानदार तेच सांगेल. आणि कोळंबी घेतली तर पिवळा रास नको. दोघांतलं एक निवडा.

राहिली लेकीची गोष्ट. तिने पाहिलं तसा प्रयोग खरंच झालाय. जपानमधल्या ओसाकात मासानोरी कोहदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली तो प्रयोग प्रसिद्ध केला. क्लीनरपुढे आरसा ठेवला. सुरुवातीला त्याने काचेतल्या माशावर हल्ले केले. मग उलटं पोहण्यासारखे विचित्र चाळे सुरू केले, जणू समोरचाही तेच करतो का हे तपासायला. मग शांत झाला. तेव्हा त्याच्या गळ्याखाली, जिथे आरशाशिवाय दिसणं शक्य नाही तिथे, परजीवीसारखा दिसणारा तपकिरी डाग टोचला. आरशात पाहून त्याने गळा तळावर घासला. डाग रंगहीन असेल किंवा आरसा नसेल तर घासत नव्हता. ही कसोटी 1970 साली चिंपांझींसाठी ज्यांनी काढली, त्या गॉर्डन गॅलप यांना हा निकाल पटला नाही. डाग किड्यासारखा दिसला म्हणून माशाने अंग खाजवलं, एवढंच, असं त्यांचं म्हणणं. वाद चालू आहे. सातवीतल्या मुलीला कुठली बाजू पटते ते मला कळवा, मला खरंच ऐकायचंय.

आणि करमतं का, या प्रश्नावर तिला हे सांगा. समुद्रात एक नर आणि त्याच्या चार-पाच माद्या मिळून एक परिसर सांभाळतात. नर मेला तर सगळ्यात मोठी मादी दीड-दोन तासांत नरासारखी वागू लागते, आणि दोन-अडीच आठवड्यांत खरोखरीचा नर होते. संशोधक रॉस रॉबर्टसन यांनी 1972 साली ग्रेट बॅरियर रीफवरच हे नोंदवलं. रात्री प्रत्येक जण स्वतःभोवती चिकट पारदर्शक पिशवी विणून तिच्यात झोपतो. घर, माणसं, मानपान, दिवसाला दोन हजार भेटीगाठी असलेला मासा आहे तो. तिचा दुसरा प्रश्न पहिल्या हट्टापेक्षा शहाणा आहे, आणि त्याचं उत्तर तिला बहुतेक आधीच ठाऊक असावं.

या अडीच महिन्यांत मुख्य टँक तिच्या ताब्यात द्या. बॅक्टेरिया जिवंत राहावेत म्हणून दोन-तीन दिवसांनी चिमूटभर अन्न टाकायचं, पाण्याची पातळी बघायची, कॅलेंडरवर दिवस खोडायचे. आणि रात्री दिवे मालवल्यावर अर्ध्या तासाने टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावून काचेशी बसायला सांगा. मासे नसले की खडकांतलं बारीकसारीक सगळं बाहेर येतं: काचेवर पळणारे पांढरे ठिपक्यांएवढे कोपेपॉड, फटीतून हात काढणारे ब्रिटल स्टार, केसासारखे किडे. पहिल्या आठवड्यात काही दिसणार नाही. विसाव्या दिवसानंतर बघा.